चार किलोमीटरवर बंद पडणारी स्कूटर : कार्ब्युरेटर बदलण्याआधी पेट्रोल कुठे अडते ते पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१५ सालची, ११० सीसीची, कार्ब्युरेटर असलेली गिअरलेस स्कूटर सेहेचाळीस हजार किलोमीटर चालली आहे. गावात कितीही फिरवली तरी ती कुरकुरत नाही. मात्र हमरस्त्याला लागून पंचेचाळीसच्या वेगाने साडेतीन-चार किलोमीटर गेले की पेट्रोल संपल्यासारखे गचके देते आणि बंद पडते. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, पण गाडी उठत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटे थांबले की काही झालेच नाही अशा थाटात चालू होते. सकाळी हा त्रास जास्त होतो, दुपारी उन्हात उभी असलेली गाडी मात्र बरीच लांब जाते. टाकी फुल करण्याची सवय लावल्यापासून दुखणे वाढले आहे. प्लग नवा बसवला, कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला, आणि आता अडीच-तीन हजारांचा नवा कार्ब्युरेटर घ्यावा असे सांगण्यात आले आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे हे होते का, असेही आपण विचारले आहे.

तो कार्ब्युरेटर तूर्त घेऊ नये. आपण दिलेल्या माहितीतील निम्मी माहिती कार्ब्युरेटरच्या विरोधात साक्ष देते. मेन जेटमध्ये, म्हणजे वेगात पेट्रोल मापून सोडणाऱ्या पितळी भोकात, कचरा अडकला असता तर गाडीने पहिल्या दोनशे मीटरमध्येच ओढणे सोडले असते. ती चार किलोमीटर व्यवस्थित पळून मग बंद पडली नसती. संथ चालीसाठी असलेला स्लो जेट बुजला असता तर तक्रार सिग्नलपाशी, आयडलिंगवर आली असती. जो दोष ठरावीक अंतरानंतर उगवतो आणि ठरावीक वेळ थांबल्यावर मावळतो, तो बहुधा टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्या दरम्यान असतो, किंवा मग तो पेट्रोलचा नसून तापल्यावर बिघडणाऱ्या एखाद्या विजेच्या भागाचा असतो. या दोहोंतील निवाडा करण्यासाठी एक लहान बाटली आणि स्क्रू ड्रायव्हर पुरेसा होतो.

आधी थोडा हिशेब मांडतो, कारण या हिशेबानेच बाकीच्या गोष्टी उलगडतात. गाडी लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देते आणि वेगही ताशी पंचेचाळीस आहे असे धरले, तर तासाला एक लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण सतरा मिलीलिटर पेट्रोल लागते. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत, ज्याला आम्ही फ्लोट चेंबर म्हणतो, वापरता येईल असे वीसेक मिली पेट्रोल असते. वरून येणारी धार पूर्ण तुटली तर त्या वीस मिलीवर गाडी जेमतेम एक किलोमीटर जाईल. आपली गाडी साडेतीन-चार किलोमीटर जाते, याचा अर्थ पेट्रोल येत आहे, पण लागते त्यापेक्षा कमी येत आहे. मिनिटाला चार मिलीची तूट धरली तर वाटी पाच मिनिटांत रिकामी होते, आणि पंचेचाळीसच्या वेगाने पाच मिनिटांत पावणेचार किलोमीटर होतात. हाच हिशेब गावातल्या तीसच्या वेगाला लावला, तर मिनिटाला अकरा मिलीच लागतात, आणि बारा-तेरा मिली देणारी अशक्त धारही त्याला पुरते. गॅरेजच्या गल्लीत मारलेल्या दोन चकरांमध्ये आपल्या गाडीचा दोष कधीच दिसणार नाही, याचे कारण हे आहे. त्यात मेकॅनिकची लबाडी नाही.

आता निवाड्याची कसोटी. नेहमीच्या रस्त्यावर गाडी न्यावी आणि ती बंद पडली की, एक क्षणही न दवडता, चावी बंद करून स्टँडवर लावावी. कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो आणि त्याच्या शेजारच्या तोटीला बहुतेक गाड्यांमध्ये बारीक नळी लावलेली असते. ती नळी एखाद्या लहान, शक्यतो पारदर्शक बाटलीत सोडावी आणि स्क्रू दीड-दोन आटे सैल करावा. सायलेन्सर तापलेला असतो, म्हणून नळी त्याच्यापासून दूर राहील याची काळजी घ्यावी, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या बघ्यांना चार पावले लांब उभे करावे. रस्त्यात गाडी उघडली की ते जमतातच. बाटलीत पंधरा-वीस मिली आले, तर वाटी भरलेली होती आणि पेट्रोलच्या पुरवठ्याला दोष देण्याचे कारण उरत नाही. चार थेंब टपकून थांबले, तर कार्ब्युरेटर स्वतःच उपाशी आहे, आणि तो साफ करून किंवा बदलून काहीही साधणार नाही. प्लग काढून पाहिला तर दुजोरा मिळतो: उपाशी इंजिनाचा प्लग कोरडा असतो, ठिणगी गेलेल्या इंजिनाचा प्लग पेट्रोलने ओला असतो.

माझा अंदाज वाटी रिकामी निघेल असा आहे, आणि संशय टाकीच्या टोपणावर आहे.

टाकीतून पेट्रोल खाली उतरायचे तर त्याची जागा घ्यायला वरून हवा आत आली पाहिजे. त्यासाठी टोपणात एक बारीक वाट असते. ती धूळ, गंज किंवा फुगलेले रबरी वायसर यांमुळे बुजली की टाकीत निर्वात तयार होऊ लागतो. यासाठी फार मोठा निर्वात लागत नाही. कार्ब्युरेटरच्या वर पेट्रोलची उंची पंधरा सेंटीमीटर धरली, तर पेट्रोलला खाली ढकलणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का भरतो. टाकीतल्या हवेचा दाब तेवढाच, म्हणजे एक टक्का घटला की धार थांबते. फुल टाकीत वर अर्धा लिटर हवा असेल, तर पाच-सहा मिली पेट्रोल उतरताच ती स्थिती येते; टाकी निम्म्याहून रिकामी असून वर तीन लिटर हवा असेल, तर तीसेक मिली उतरावे लागते. प्रत्यक्षात पेट्रोलची वाफ ही तूट काही अंशी भरून काढते आणि वाटही पूर्ण बुजलेली नसते, त्यामुळे गाडी या आकड्यांपेक्षा बरीच पुढे जाते. परंतु फुल टाकीला त्रास लवकर आणि अर्ध्या टाकीला उशिरा, हा क्रम बदलत नाही. टाकीच्या तळाशी किंवा कॉकच्या, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या, जाळीत कचरा असेल तर बहुधा याच्या उलट होते: पातळी खाली जाईल तसा त्रास वाढतो. उन्हात उभी असलेली गाडी लांब जाते, कारण तापलेल्या पेट्रोलची वाफ टाकीत दाब वाढवते आणि काही काळ निर्वाताची भरपाई करते. दहा-पंधरा मिनिटांत गाडी आपोआप बरी होते, कारण तेवढ्या वेळात त्या अर्धवट बुजलेल्या वाटेतून हवा झिरपत आत जाते आणि दाब सारखा होतो. आपण लिहिलेल्या तिन्ही खुणा अशा एकाच जागी येऊन मिळतात.

म्हणून पुढच्या वेळी गाडी बंद पडली की थांबू नये. सीट उचलून टाकीचे टोपण हळू फिरवावे आणि कान द्यावा. 'सुस्स' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर निदान जवळजवळ झाले. त्यानंतर टोपण नुसते ठेवून लगेच सेल्फ मारावा, एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये थोडी विश्रांती द्यावी. वाटी रिकामी असल्याने तीन-चार प्रयत्न लागू शकतात. दहा मिनिटे न थांबता गाडी उठली, तर दुरुस्तीचा खर्च एका टोपणापुरता उरतो. टोपण सैल ठेवून तसेच पुढे जाण्याचा मोह मात्र टाळावा, कारण खड्ड्यात उसळलेले पेट्रोल तापलेल्या इंजिनाच्या वरच सांडते.

काही वर्षांपूर्वी कोकणातून बदली होऊन आलेल्या एका शिक्षकांची स्कूटर माझ्याकडे आली होती. घाट चढताना ती हटकून बंद पडायची, आणि त्यांनी प्लग, कॉइल, कार्ब्युरेटरचे किट असे सगळे करून झाले होते. मी टोपण उघडले, तर आत दुधाच्या पिशवीचा गोल कापलेला तुकडा नीट बसवलेला होता. पावसाचे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून त्यांनी जूनमध्ये तो लावला आणि पुढे विसरून गेले. पिशवी काढली, टोपणातून तोंडाने फुंकर मारून पाहिली, आणि गाडी परत दिली. पैसे किती घ्यावे हा प्रश्न मला त्या दिवशी पडला होता.

आपल्या टोपणाचीही अशीच तपासणी करावी. ते पुसून घेऊन आतल्या बाजूने फुंकावे. हवा जाताना जाणवली पाहिजे. ज्या गाड्यांमध्ये पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर असतो (२०१७ मध्ये बीएस-४ हे प्रदूषणाचे नियम देशभर सक्तीचे झाल्यावर तो बहुतेक स्कूटरवर आला), त्यांत हवेची वाट टोपणाऐवजी नळीतून त्या डब्याकडे जाते. तेथे नळी दाबली गेली आहे का, आणि टाकी गळ्यापर्यंत भरल्यामुळे पेट्रोल डब्यात शिरून कोळसा भिजला आहे का, हे पाहावे. आपली गाडी त्याआधीची असल्याने हा भाग आपल्याला बहुधा लागू नाही, पण गळ्यापर्यंत पेट्रोल भरणे आपणही सोडावे. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त टोपणांना हवेची वाटच नसते. विकत घेताना दुकानातच फुंकून घ्यावे.

टोपण निर्दोष निघाले, तर पुढचा मुक्काम पेट्रोल कॉक. चेतक तिरकी करून किक मारण्यात ज्यांचे तारुण्य गेले, त्यांना कॉक म्हणजे हाताने फिरवायची चालू, बंद आणि रिझर्व्ह अशी दांडी ठाऊक असते. आपल्या स्कूटरचा कॉक तसा नाही. त्याच्यात रबरी पडदा असतो आणि इंजिनाच्या इनलेटकडून आलेली एक बारीक नळी त्या पडद्याला ओढते. इंजिन फिरत असेल तरच पडदा स्प्रिंगच्या विरुद्ध मागे सरतो आणि पेट्रोल सुटते. इंजिन थांबले की कॉक बंद होतो. याचा एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे: कॉक ठीक असेल तर गाडी उभी असताना रिकामी वाटी आपोआप भरत नाही. दहा मिनिटे थांबल्याने 'पेट्रोल साठले' असा जो समज असतो तो या गाड्यांत खरा नाही. थांबल्याने टाकीतला दाब सावरतो, आणि वाटी भरते ती नंतर सेल्फ मारल्यावर. गाडी तिरकी करण्याचाही येथे उपयोग नाही.

या कॉकची परीक्षा गाडी न चालवता करता येते, आणि त्याच परीक्षेत टोपणाचा निकालही पुन्हा एकदा लागतो. कार्ब्युरेटरकडे जाणारी जाड नळी काढून मापाच्या बाटलीत सोडावी. इनलेटकडून कॉकला येणारी बारीक नळी इंजिनाच्या बाजूने सोडवून तिला सुई नसलेली वीस मिलीची इंजेक्शनची सिरिंज लावावी, आणि दांडा मागे ओढून धरावा. पेट्रोलची धार लागली पाहिजे, आणि दांडा धरून ठेवेपर्यंत ती टिकली पाहिजे. माझ्या अनुभवात चांगला कॉक मिनिटाला शंभर मिलीच्या वर सहज देतो. गाडीची गरज सतरा-वीस मिलीची असल्याने वीस-पंचवीस मिलीवर आलेला कॉक गावात खपून जातो आणि चढावर उघडा पडतो. आता टोपण घट्ट लावलेले ठेवून धार पाहत राहावे. सुरुवातीला जोरात येणारी धार शंभर-दीडशे मिली पडेपर्यंत बारीक होत थेंबांवर आली, आणि टोपण उघडताच पुन्हा जोर धरला, तर कॉक निर्दोष आहे आणि दोष टोपणाचा आहे. टोपण उघडे असूनही धार पहिल्यापासून मरतुकडीच असेल, तर कॉकच्या टाकीतल्या टोकावरची जाळी बुजलेली आहे, किंवा पडदा पूर्ण उघडत नाही. दांडा ओढताना अटकाव जाणवत नसेल, हवा सरळ ओढली जात असेल, तर पडदा फाटला आहे किंवा बारीक नळीला चीर गेली आहे. त्या नळीत पेट्रोल सापडले तर शंकाच नको: फाटक्या पडद्यातून पेट्रोल थेट इंजिनात जात आहे, आणि अशा वेळी इंजिन ऑइलची दांडी काढून वासही घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर कॉकबरोबर ऑइलही बदलावे. ही परीक्षा मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर, बॅटरीची तार सोडवून करावी, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण मी सांगतो, कारण बंद शटरच्या आत असले उद्योग करणारे मी पाहिले आहेत.

दहा वर्षे झालेल्या बारीक नळीला कॉकच्या टोकाशी केसाएवढी चीर जाते, आणि ती नळी वाकवल्याशिवाय दिसत नाही. तेवढा सेंटीमीटरभर भाग कापून नळी पुन्हा बसवली तरी काम भागते. जाड नळीचे दुखणे वेगळे: मध्ये कोणी प्लास्टिकचा फिल्टर टाकला असेल, तर तो बहुतेक वेळा नळीची लांबी वाढवतो, नळीला वर चढणारा बाक येतो आणि त्यात हवा अडकते. पंप नसलेल्या, केवळ उंचीच्या जोरावर चालणाऱ्या पुरवठ्याला हा बाक सोसत नाही. फिल्टर ठेवायचाच असेल तर त्यावरचा बाण कार्ब्युरेटरकडे असावा आणि नळी सर्वत्र उताराची असावी.

येथवर सगळे ठीक असूनही वाटी भरत नसेल, तर फ्लोटची निडल, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई, अडकत असेल. वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचक्या मारल्यावर गाडी उठली, तर ती खूण समजावी. निडलच्या टोकाला घडी पडलेली असेल तर निडल बदलावी. जेटच्या भोकात तार मात्र घालू देऊ नये. पितळेचे भोक तारेने मोठे होते आणि गाडीचा ॲव्हरेज पुन्हा कधी जागेवर येत नाही.

समजा, माझा अंदाज चुकला आणि बाटलीत वीस मिली पेट्रोल आले. मग दोन ठिकाणी पाहावे. एक, तापल्यावर ठिणगी जाते का. यात गाडी बहुधा गचके न देता, दिवा मालवावा तशी एकदम बंद होते. आपल्या वर्णनाशी ते जुळत नाही, तरीही सांडलेले पेट्रोल पुसून, बाटली दूर नेऊन, सुट्या प्लगवर ठिणगी पाहावी. तापलेल्या अवस्थेत ठिणगी नसेल आणि थंड झाल्यावर येत असेल, तर ठिणगी पाडणाऱ्या भागांत, म्हणजे इग्निशन कॉइल, पिकअप कॉइल आणि सीडीआय या क्रमाने, शोध घ्यावा. दुसरे, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू, फार घट्ट आहेत का. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जाते, आणि किक हाताला ढिली लागते.

इथेनॉलबद्दल आपण शेवटी विचारले आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणाला म्हणून साडेतेराच्या आसपास पुरते. याचा अर्थ जुन्या जेटमधून येणारे मिश्रण थोडे पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे, पडते, आणि थंड इंजिन किंचित कुरकुरते. एवढ्यावरून गाडी चार किलोमीटरवर बंद पडत नाही. इथेनॉलचा खरा उपद्रव निराळा आहे: ते हवेतला ओलावा ओढून घेते, जुनी रबरे फुगवते आणि टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षे बसलेला थर सोडवून कॉकच्या जाळीवर आणून टाकते. आपल्या टोपणाचे वायसर फुगून हवेची वाट बंद झाली असेल, तर दोषात त्याचा हात असू शकतो. ड्रेनमधून काढलेले पेट्रोल फेकून न देता काचेच्या बाटलीत दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर टाकीत पाणी आहे; अशा वेळी टाकी काढून रिकामी करणे हाच उपाय, वरून औषध ओतून भागत नाही. गंजाची लालसर माती दिसली तर टाकीचा तळ हात घालून नव्हे, टॉर्चच्या उजेडात, पेट्रोल पूर्ण काढून तपासावा.

आपल्या मुलीकडे असलेल्या नव्या गाडीला यातले फारसे लागू होत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ स्कूटरमध्ये कार्ब्युरेटर आणि निर्वाताचा कॉक जाऊन टाकीतला विजेचा पंप आणि इंजेक्टर आले आहेत. चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद बारीक गुंजारव ऐकू येतो. तो आला नाही तर आधी फ्यूज आणि बॅटरी पाहावी. त्या नळीत सुमारे ३ बार दाब असतो, म्हणून वर सांगितलेली नळी काढण्याची परीक्षा तिच्यावर करू नये.

आपल्या गाडीपुरते तीन गोष्टी कळवाव्यात: बंद पडल्याक्षणी ड्रेनमधून किती मिली निघाले, टोपण उघडताना आवाज आला का, आणि सिरिंज ओढून धरल्यावर टोपण बंद आणि उघडे असताना एका मिनिटात किती पेट्रोल पडले. हे आकडे हाती आल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नये.